स्वतःची गाडी, स्वतःचा हिशेब: मालक-चालकांसाठी मोबाईलवरून आर्थिक नियोजन कसं करायचं?

आपल्या साईटवर आपण नेहमी ॲप्स, फोन आणि ऑनलाईन सुविधांबद्दल बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी वडील, काका, मामा किंवा मोठा भाऊ स्वतःची ट्रक चालवत असेल. काहीजण स्वतःच पंचविशीत गाडी घ्यायचा विचार करत असतील. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण माझे मामा दहा चाकी गाडीचे मालकही आहेत आणि ड्रायव्हरही. त्यांच्या गाडीचा हिशेब गेली दोन वर्षं मी एका शीटमध्ये ठेवतोय. ते करताना जे समजलं आणि त्यासाठी फोनमधल्या ज्या सोयी वापरता येतात, ते सगळं या लेखात सोप्या भाषेत सांगतो.

पगारदार माणसाचं गणित सोपं असतं. एक तारखेला पैसे येतात, पीएफ कापला जातो, कंपनी मेडिक्लेम देते. मालक-चालकाला यातलं काहीच नसतं. भाडं कधी आगाऊ मिळतं, कधी दोन महिन्यांनी. खर्च मात्र रोज होतो. आणि गाडी उभी राहिली तरी हप्ता थांबत नाही. म्हणून त्याला नियोजनाची गरज पगारदारापेक्षा जास्त आहे.

१. हातात उरलेले पैसे म्हणजे कमाई नाही

सगळ्यात आधी एका ट्रिपचं गणित मांडू. खालचे आकडे समजण्यासाठी घेतलेत. तुमच्या रूटचे, डिझेलचे आणि भाड्याचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही टाका.

समजा २८.५ टन पासिंगची दहा चाकी गाडी कळंबोलीहून बंगळुरूला माल घेऊन गेली आणि रिटर्न भाडं घेऊन आली. येऊन-जाऊन साधारण २,००० किलोमीटर.

- जातानाचं भाडं: ५२,००० रुपये
- रिटर्न भाडं: ४४,००० रुपये
- एकूण: ९६,००० रुपये

आता खर्च.

- डिझेल: ४ चं ॲव्हरेज धरलं तर ५०० लिटर, ९० रुपये दराने ४५,००० रुपये
- टोल: १४,००० रुपये
- जेवण, पार्किंग आणि बाकीचा वाटखर्च: ५,००० रुपये
- दलाली, हमाली, वाराई: ४,००० रुपये
- एकूण: ६८,००० रुपये

म्हणजे एका फेरीला २८,००० रुपये उरले. लोडिंगची वाट बघण्यात जाणारे दिवस धरून महिन्यात अशा तीन फेऱ्या झाल्या तर ८४,००० रुपये. गाडीचा हप्ता समजा ५८,३३३ रुपये आहे. तो गेल्यावर २५,६६७ रुपये हातात. बरं वाटतं ना?

थांबा. अजून तीन गोष्टी मोजायच्या राहिल्यात, ज्यांचे पैसे या महिन्यात जात नाहीत पण कधीतरी एकदम जातात.

- टायर: दहा टायरचे समजा २ लाख रुपये आणि ते ८०,००० किलोमीटर चालले. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. महिन्याला ६,००० किलोमीटर धरले तर १५,००० रुपये.
- सर्व्हिसिंग, ऑईल, ब्रेक, क्लच: किलोमीटरला १ रुपया धरला तर ६,००० रुपये.
- इन्शुरन्स, पासिंग, परमिट, टॅक्स: वर्षाचे समजा ९६,००० रुपये. महिन्याला ८,००० रुपये.

बेरीज २९,००० रुपये. हातात दिसत होते २५,६६७. म्हणजे खरं तर ही गाडी महिन्याला ३,३३३ रुपये तोट्यात आहे आणि मालकाने स्वतःचा पगारही घेतलेला नाही! पहिलं वर्ष हे कळत नाही, कारण टायर नवे असतात. दुसऱ्या वर्षी टायरचा सेट बदलायची वेळ येते, इन्शुरन्सही भरायचा असतो, आणि मग सोनं गहाण ठेवून किंवा खाजगी सावकाराकडून पैसे घेऊन गाडी पुन्हा रस्त्यावर येते. अनेक गाड्या इथूनच फायनान्सवाल्याच्या यार्डात जातात.

म्हणून पहिला नियम असा: दर महिन्याला हप्ता आणि राखीव रक्कम बाजूला काढल्यावर जे उरतं, ती कमाई. ही कमाई दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून मिळणाऱ्या पगारापेक्षा कमी असेल, तर भाडं, रूट, हप्ता यातलं काहीतरी बदलायला हवं.

हे सगळं गुगल शीट्समध्ये मोबाईलवर करता येतं. कॉलम फक्त आठ ठेवा: तारीख, कुठून-कुठे, किलोमीटर, भाडं, मिळालेला ॲडव्हान्स, डिझेल, टोल, इतर खर्च. राखीव रक्कम शीट स्वतः काढेल: किलोमीटर गुणिले साडेतीन, अधिक महिन्याचे ८,००० रुपये. शीट घरातल्या दुसऱ्या एका माणसाबरोबर शेअर करा. ड्रायव्हर रस्त्यावरून व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो पाठवेल, घरचा माणूस आकडा भरेल. आमच्याकडे हे काम मामी करतात आणि चोख करतात.

२. हप्ता ठरवताना: फ्लॅट व्याज आणि खरं व्याज

वरच्या उदाहरणातला ५८,३३३ चा हप्ता कुठून आला? २५ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, ८ टक्के फ्लॅट. एजंट सांगतो, "फक्त आठ टक्के आहे दादा." फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण २५ लाखांवर व्याज लागतं. दरवर्षी २ लाख, पाच वर्षांचे १० लाख. एकूण ३५ लाख भागिले ६० महिने म्हणजे ५८,३३३ रुपये.

पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत असता. चौथ्या वर्षी तुमच्याकडे २५ लाख शिल्लक नसतातच, तरी व्याज मात्र २५ लाखांवर. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीने हिशेब केला तर हे कर्ज साधारण १४.१ टक्क्यांचं पडतं! म्हणजे दुसऱ्या कोणी "११ टक्के, घटत्या शिल्लकीवर" असं सांगितलं तर ते कर्ज या आठवाल्यापेक्षा स्वस्त आहे. त्याचा हप्ता साधारण ५४,३५६ रुपये येतो. दर महिन्याला जवळपास ४,००० रुपयांचा फरक.

हे तपासायचं कसं? शीट्स किंवा एक्सेलमध्ये 'रेट' नावाचं सूत्र असतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: हप्त्यांची संख्या, हप्त्याची रक्कम (पुढे वजा चिन्ह लावून) आणि कर्जाची रक्कम. उत्तर महिन्याच्या व्याजाचं येतं, त्याला १२ ने गुणा.

आणखी एक हत्यार तुमच्या हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या सगळ्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योग कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' देणं बँका आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. या कागदावर वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. त्यात प्रोसेसिंग फीसारखे आकारही धरलेले असतात. सहीच्या आधी हा कागद मागा आणि दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवून बघा. एजंट तोंडाने काय टक्का सांगतो याला काही अर्थ नाही.

आणि डाऊन पेमेंट वाढवता आलं तर? त्याच फ्लॅट आठ टक्क्यांनी २५ ऐवजी १८ लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता ४२,००० रुपये. मग वरच्या गणितात ८४,००० वजा ४२,००० वजा २९,००० म्हणजे १३,००० रुपये उरतात. गाडी तीच, रूट तोच, फक्त कर्ज कमी. त्यामुळे नवी मोठी गाडी घेण्याआधी चांगली कंडिशन असलेली वापरलेली गाडी किंवा एखादं वर्ष थांबून जास्त डाऊन पेमेंट, हे दोन्ही पर्याय शीटमध्ये टाकून बघाच. मात्र वापरलेल्या गाडीला दुरुस्तीचा दर किलोमीटरला एक रुपयापेक्षा जास्त धरा.

३. एक गाडी, तीन खाती

बहुतेक मालक-चालकांचं एकच बँक खातं असतं. भाडं तिथेच, किराणा तिथूनच, मुलांची फी तिथूनच. मग गाडीने किती कमावलं हे कळणार कसं?

सोपा उपाय असा:

- गाडीचं खातं: भाड्याचा प्रत्येक रुपया इथेच घ्यायचा. डिझेल, टोल आणि हप्ता इथूनच.
- राखीव खातं: प्रत्येक फेरी संपली की टायर-दुरुस्ती-इन्शुरन्सची रक्कम इथे टाकायची. या खात्याला यूपीआय जोडायचंच नाही. हात लगेच पोहोचला नाही की पैसे टिकतात.
- घरचं खातं: दर महिन्याला एक ठरावीक रक्कम स्वतःचा 'पगार' म्हणून इथे. चांगल्या महिन्यातही तेवढीच.

चांगल्या महिन्याचे जास्तीचे पैसे गाडीच्या खात्यातच राहू द्या. पावसाळ्यात भाडी कमी होतात किंवा गाडी गॅरेजला जाते, तेव्हा तेच कामाला येतात. निदान दोन हप्ते आणि दोन महिन्यांचा घरखर्च एवढी रक्कम साठवणं हे पहिलं ध्येय ठेवा. हप्ता बाऊन्स झाला तर बँकेचा दंड, फायनान्स कंपनीचा दंड आणि सिबिलवर डाग, असा तिहेरी फटका बसतो. शिवाय हप्त्याची तारीख तुमचं भाडं साधारण ज्या दिवसांत जमा होतं त्याच्या नंतरची मागून घ्या. कर्ज घेतानाच ती मागणं सोपं असतं.

४. फास्टॅग: टोलची चकती नाही, तुमची डायरी

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओ लहरी सोडतो, त्यातूनच टॅगमधल्या चिपला क्षणभर पुरेल एवढी वीज मिळते आणि ती आपला नंबर परत पाठवते. याला आरएफआयडी म्हणतात. तो नंबर नाक्यावरून एनपीसीआयच्या यंत्रणेकडे आणि तिथून तुमचा टॅग देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि पैसे कापले जातात.

यात आपल्या कामाचं काय? प्रत्येक वेळी नाक्याचं नाव, तारीख, वेळ आणि रक्कम नोंदली जाते. बँकेच्या ॲपमधून महिन्याचं स्टेटमेंट डाऊनलोड करा. टोलचा पूर्ण खर्च आयता मिळतो, हाताने लिहायची गरज नाही. गाडी कधी कुठे होती याचा पुरावाही मिळतो. "गाडी उशिरा आली" म्हणून पार्टी भाडं कापते तेव्हा शेवटचा टोल किती वाजता कापला गेला हे दाखवता येतं. गाडी दोन दिवस खाली न होता उभी होती, त्याचं हॉल्टिंग मागतानाही हीच नोंद उपयोगी पडते.

टोल दोनदा कापला किंवा गाडी उभी असताना कापला, तर टॅग देणाऱ्या बँकेकडे तक्रार करा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ ही हेल्पलाईन आहे.

५. अडकलेलं भाडं आणि कापलेला टीडीएस

आधी टीडीएस. वर्षभरात दहा किंवा त्याहून कमी मालवाहू गाड्या ज्याच्या मालकीच्या आहेत, त्याने आपला पॅन आणि तसं लेखी डिक्लरेशन ट्रान्सपोर्ट कंपनीला दिलं, तर त्याच्या भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. हे न दिल्याने अनेकांचे पैसे विनाकारण कापले जातात. पॅन दिलाय पण डिक्लरेशन नाही, तर वैयक्तिक मालकाचा १ टक्का कापला जातो. पॅनच दिला नसेल तर २० टक्के! वरच्या उदाहरणात वर्षाचं भाडं ३४ लाख ५६ हजार होतं. त्याचा एक टक्का म्हणजेसुद्धा ३४,५६० रुपये. डिक्लरेशनची एक पीडीएफ फोनमध्ये तयार ठेवा आणि प्रत्येक नव्या पार्टीला पहिल्याच दिवशी पाठवा. आधीच कापलेला टीडीएस आयकर पोर्टलवर 'फॉर्म २६ एएस' मध्ये दिसतो. रिटर्न भरलं की तो परत मिळवता येतो.

आता उशिरा येणारं भाडं. इथे 'उद्यम' नोंदणी उपयोगी आहे. ती सरकारी पोर्टलवर आधार आणि पॅनने पूर्ण मोफत होते. पैसे मागणारी साईट दिसली तर ती सरकारी नाही हे समजा. एका गाडीचा मालक सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करू शकतो. एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्यातही अशी तरतूद आहे की सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत समोरच्या व्यापाऱ्याला तो खर्च दाखवता येत नाही. तक्रारीसाठी 'समाधान' पोर्टल आहे.

खरं सांगायचं तर लहान मालक तक्रार करायला कचरतो, कारण उद्या त्याच पार्टीकडून भाडं घ्यायचं असतं. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि "४५ दिवसांत देय" एवढं छापलेलं असलं तरी समोरच्या अकाऊंटंटच्या लक्षात राहतं. नोंदणी मात्र काम घेण्याच्या आधीची हवी. आणि बिल्टी, पोहोच पावती यांचे फोटो गाडी खाली झाल्याबरोबर, तिथेच उभं राहून काढा. पोहोच हरवली की बाकी अडकली.

६. आयकर: वाटतो तेवढा अवघड नाही

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४ एई होतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेत, पण लहान गाडीमालकांची ही सोय नव्या कायद्यातही आहे. ती अशी: दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाचं उत्पन्न ठोक पद्धतीने धरलं जातं. १२ टनांपेक्षा जास्त ग्रॉस वजनाच्या गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये. त्यापेक्षा लहान गाडीला महिन्याला सरसकट ७,५०० रुपये. हप्त्यावर घेतलेली गाडीसुद्धा यात मालकीचीच धरतात.

आपल्या २८.५ टनाच्या गाडीचं वर्षाचं उत्पन्न झालं २८.५ गुणिले १,००० गुणिले १२, म्हणजे ३,४२,००० रुपये. प्रत्यक्ष कमाई यापेक्षा जास्त असेल तर ती जास्तीची रक्कम दाखवायची. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो, त्यामुळे एका गाडीवाल्याला सहसा कर बसत नाही.

"कर नाही तर रिटर्न कशाला?" हा प्रश्न मामांनीही विचारला होता. तीन कारणं आहेत. कापलेला टीडीएस परत मिळतो. पुढच्या गाडीच्या कर्जाला उत्पन्नाचा पुरावा तयार होतो. आणि देव न करो, अपघात झालाच, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात उत्पन्न सिद्ध करायला रिटर्न हा भक्कम कागद असतो. यासाठी 'सुगम' म्हणजे आयटीआर-४ फॉर्म असतो.

७. कर्ज देणाऱ्याला स्टेटमेंट कसं द्यायचं?

अजूनही बरेच एजंट बँक स्टेटमेंटची पीडीएफ, आधार, पॅन सगळं व्हॉट्सॲपवर मागतात. ते पुढे कोणाकोणाकडे जातं, कळत नाही. यासाठी भारतात 'अकाऊंट ॲग्रिगेटर' ही व्यवस्था आहे. या कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो. तुम्ही ॲपवर संमती देता: कुठल्या खात्याची, किती महिन्यांची, कशासाठी आणि किती काळ. मग तुमची बँक माहिती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड स्वरूपात थेट कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवते. मधला ॲग्रिगेटर ती वाचू शकत नाही. संमती तुम्ही मागेही घेऊ शकता.

इथे 'गाडीचं खातं' वेगळं ठेवल्याचा फायदा दिसतो. सगळं भाडं खात्यात दिसलं तर कर्ज देणाऱ्याला तुमची उलाढाल समजते. रोखीत घेतलेलं भाडं त्याला दिसतच नाही. शिवाय देशातल्या चारही क्रेडिट ब्युरोंकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. बंद केलेलं जुनं कर्ज त्यात चालू दिसत नाही ना, हे गाडी घेण्याच्या तीन-चार महिने आधी तपासा, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो.

८. इन्शुरन्स: गाडीचा असतो, माणसाचा राहतो

थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने लागतोच, त्यामुळे तो सगळे काढतात. पण तो समोरच्याच्या नुकसानीसाठी आहे. तुमची गाडी उलटली किंवा जळाली तर त्यातून काही मिळत नाही, त्यासाठी 'ओन डॅमेज' लागतो.

मालक स्वतः चालवतो त्याच्यासाठी १५ लाखांचा 'ओनर-ड्रायव्हर' वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीच्या कागदावर तो आहे का, नॉमिनी कोण आहे, हे आजच बघा. त्यासाठी लायसन्स चालू असावं लागतं. अवजड वाहनाचं लायसन्स पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं, ती तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीच्या रिमाइंडरसह टाका. पासिंग, पीयूसी, परमिट आणि इन्शुरन्सच्या तारखाही टाका. कागद डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये ठेवले तर तपासणीत ते चालतात.

पण हे सगळं अपघातापुरतं. आजारपणाने मालक गेला तर? हप्ता घरच्यांवर येतो आणि गाडी चालवणारं कोणी नसतं. म्हणून कर्जाच्या रकमेएवढा तरी टर्म इन्शुरन्स घ्याच. फॉर्ममध्ये व्यवसाय "अवजड वाहन चालक" असा खरा लिहा, आजारही लपवू नका. दोन-चारशे रुपये वाचवायला खोटं लिहिलं तर क्लेमच्या वेळी घरच्यांना फेऱ्या मारायला लागतात.

अगदी स्वस्त दोन योजना बँकेच्या ॲपवरून घेता येतात:

- सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू झाल्यास २ लाख. वय १८ ते ७०.
- जीवनज्योती विमा योजना: वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख. वय १८ ते ५०.

दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो, म्हणून ज्या खात्यात कायम शिल्लक असते त्यालाच या योजना जोडा. आणि एक माहिती प्रत्येक ड्रायव्हरच्या घरी असावी: २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची केंद्र सरकारची योजना आहे. त्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात.

९. म्हातारपणाची सोय

स्टिअरिंग साठीपर्यंत हातात राहील याची खात्री नाही. कंबर आणि डोळे आधीच सांगायला लागतात. १८ ते ४० वयाच्या आणि आयकर न भरणाऱ्या माणसाला 'अटल पेन्शन योजना' घेता येते. तिशीत सुरू केली तर ६० नंतर महिन्याला ५,००० पेन्शनसाठी सध्या महिन्याला ५७७ रुपये भरावे लागतात. अठराव्या वर्षी सुरू केली तर २१० आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. उशीर किती महाग पडतो, बघा! पण तीस वर्षांनंतरच्या महागाईत ५,००० रुपये पुरणार नाहीत. म्हणून जमेल तसं एनपीएस किंवा पीपीएफमध्येही टाका. दोन्हीत हप्त्याची सक्ती नाही, वर्षाची किमान रक्कम भरली की चांगल्या महिन्यात जास्त टाकता येतात. अनियमित कमाईला हे सोयीचं आहे.

१०. एका क्लिकमध्ये सगळं जाऊ शकतं

व्हॉट्सॲपवर मेसेज येतो: "तुमच्या गाडीचं चलान झालंय, फाईल उघडून बघा." सोबत गाडीचा खरा नंबर आणि 'आरटीओ चलान' नावाची फाईल. तिच्या नावाच्या शेवटी एपीके असं असतं. एपीके म्हणजे फोटो किंवा पीडीएफ नाही, ते ॲप असतं. इन्स्टॉल करताना ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की बँकेचे ओटीपी थेट चोराकडे जातात. फास्टॅग केवायसीच्या नावानेही असेच मेसेज फिरतात.

चलान बघायचं असेल तर स्वतः परिवहन खात्याच्या अधिकृत साईटवर किंवा ॲपवर जाऊन गाडी नंबर टाका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेतच थांबवले जाण्याची शक्यता जास्त. घरातल्या ड्रायव्हरचा फोन एकदा हातात घ्या आणि अनोळखी ठिकाणाहून ॲप इन्स्टॉल करायची परवानगी बंद करून टाका. राखीव खात्याला यूपीआय नको असं मी वर म्हटलं, त्याचं हेही एक कारण आहे.

सुरुवात कुठून करायची?

सगळं एका दिवसात होणार नाही. गाडी घरी आली की हा क्रम ठेवा:

१. शीट तयार करा आणि मागच्या तीन ट्रिप भरा. किलोमीटरमागे किती उरतं ते काढा.
२. इन्शुरन्सचा कागद उघडून ओनर-ड्रायव्हर विमा आणि नॉमिनी तपासा.
३. राखीव खातं उघडा आणि पुढच्या फेरीपासून पैसे टाका.
४. पॅनसह टीडीएस डिक्लरेशन पार्ट्यांना पाठवा, उद्यम नोंदणी करा.
५. टर्म इन्शुरन्स आणि पेन्शन महिन्याभरात मार्गी लावा.

रस्त्यावर असलेल्या माणसाला पोर्टल, ओटीपी आणि पीडीएफसाठी वेळ नसतो. पण तुमच्या हातात फोन आहे आणि तुम्हाला तो चालवता येतो. आठवड्यातला अर्धा तास दिलात तरी घरातल्या गाडीचा हिशेब उभा राहील. तुमच्या रूटचे आकडे टाकून किलोमीटरमागे किती उरतात ते काढून बघा, आणि ज्याच्या घरी गाडी आहे त्या मित्रालाही हा लेख पाठवा.